चिमा 'नाही' म्हणाली तेव्हा

विळ्याच्या पात्यावर ऊन गं नाचतं,
बांधाच्या पल्याड गाणं गं पोचतं…

सन २०६१ उजाडलं, तरी नानांच्या कानात आईचा हा आवाज ताजा होता. भातकापणीला ती भलरी म्हणायची. भलरी म्हणजे कापणीचं गाणं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. पण मागे कोंडाबाई रेंगाळली की आई पुढची ओळ घ्यायचीच नाही. "थांबा गं, तिची ओळ अजून तिच्या तोंडातच आहे!" म्हणायची, आणि सगळं शिवार हसायचं.

तेच नाना आता संगणकावर खेळ बनवत. सहा वर्षं खपून त्यांनी 'धुक्याची दरी' तयार केला होता. त्यात खेळणारा नदीचा उगम शोधत निघतो आणि त्याच्यासोबत चिमा नावाची लोहाराची मुलगी चालते. खेळ उद्या बालवाचनालयात जायचा होता. मुलं रमली तर तो तिथे राहणार, नाहीतर परत येणार.

आणि काल पाच मुलांनी तो खेळून पाहिला. पाचही जण दहा मिनिटांत उठून गेले.

"कोडंच आहे," नाना नातीला म्हणाले. "चिमाला सगळ्या वाटा ठाऊक आहेत. ती लढते, वाट दाखवते, कौतुक करते. आणखी काय हवं?"

दहा वर्षांची केतकी पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत राहिली. ती गेले सहा महिने हा खेळ खेळत होती आणि रोज "मस्त!" म्हणत होती. खरं काय ते तिने अजून सांगितलं नव्हतं.

"नाना, चिमा माझ्यावर कधी चिडते का हो?"

"छे! मी तिला तसं करूच देत नाही. तू खड्ड्यात उडी मारलीस तरी ती 'वा, छान!' म्हणते."

"मग मी आहे की नाही, तिला काय फरक पडतो?"

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. पडद्याकडे बघता बघता ते एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगं, मी चिमाला सगळं गाणं एकटीलाच गायला लावलंय! तुझी ओळ ठेवलीच नाही!"

मग ते समजावू लागले. "चिमा हे सोबती-पात्र (खेळात आपल्याबरोबर वावरणारी, संगणकाने चालवलेली व्यक्ती). ते जिवंत वाटायला हवं असेल, तर आधी त्याने तुझ्याकडे बघायला हवं. तू पळतेस की रेंगाळतेस, कुणाला मदत करतेस, कुणाला फसवतेस. मग ते लक्षात ठेवायला हवं."

"सगळंच?"

"सगळं कोण लक्षात ठेवतं? प्रत्येक आठवणीला भारांक द्यायचा (ती किती महत्त्वाची आहे हे सांगणारा आकडा). तू फूल तोडलंस, भारांक एक. तू तिला एकटीला सोडून पळालीस, भारांक नव्वद! मग ती अबोला धरेल."

"आणि माझं ऐकणार नाही?"

"तिला स्वतःचं मन दिलं, तर कशाला ऐकेल? मग तुला तिची मनधरणी करावी लागेल. ते करता करता आपण खोलीत बसलोय हेच तू विसरशील. त्याला म्हणतात तल्लीनता (खेळाच्या जगात आपण खरंच आहोत असं वाटणं). ती नुसत्या सुंदर चित्रांनी येत नाही, पोरी. आपल्या वागण्याने कुणालातरी फरक पडतो, हे कळलं की येते."

दुपारभर नाना कळफलकावर बोटं नाचवत चिमाला बदलत राहिले. चार वाजता केतकीने खेळाचं जग डोळ्यांभोवती उभं करणारा दृश्य-चष्मा चढवला.

थोडं खेळून झाल्यावर धुक्यात एक मोडका पूल लागला. "चल, पटकन जाऊ," केतकी म्हणाली.

"नाही," चिमा म्हणाली. "मघाशी लांडगा आला तेव्हा मला टाकून पळालीस. आता पुलाच्या मध्यावर पुन्हा पळालीस तर?"

"अगं, मी घाबरले होते!"

चिमा काहीच बोलली नाही. नुसती थांबली. ती शांतता इतकी लांबली की केतकीच पुढे झाली. "बरं, चुकलं माझं. तू मागून ये, मी आधी जाते. हा घे माझा हात!" म्हणत तिने खरोखरच हात पुढे केला, आणि टेबलावरचा चहा नानांच्या धोतरावर सांडला.

"अहो बाई, दरी तिकडे आहे! हे माझं धोतर!" नाना ओरडले. केतकी चष्मा काढून खो खो हसत सुटली.

पण धोतर पिळता पिळता नाना गंभीर झाले. "केतू, ही चिमा फार फटकळ झाली का गं? जुनीच पाठवू का वाचनालयात? काल ती पोरं उठून गेली खरी, पण तू सहा महिने तिला मस्त म्हणतेस. तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे."

केतकीचं हसू थांबलं. नानांचं बोट जुना खेळ पाठवायच्या बटणावर टेकलेलं होतं.

"नाना, रागावू नका. जुन्या चिमाशी खेळताना मला कंटाळा यायचा. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी रोज मस्त म्हणत होते. नवी पाठवा. आणि यापुढे माझा रोजचा खराखुरा अभिप्राय ऐकायची तयारी ठेवा."