चौतीस वीस

बाळकुमजवळ खाडीपुलाच्या चौदाव्या खांबाचा पाया सकाळी भरायचा होता. लोखंडी नळ्यातलं भोक तळच्या खडकापर्यंत खणून झालं होतं. वरपर्यंत दाट चिखलपाणी. काँक्रीट ओतण्याआधी वजन बांधलेला टेप सोडून खोली शेवटची मोजायची, एवढंच उरलं होतं.

दौलतने टेप सोडला. चौतीस मीटर वीसला वजन टेकलं. इंजिनिअर स्वप्नाने आकडा वहीत लिहिला. तेवढ्यात दौलतने हात झटकला.

"मॅडम, खालशी कोन तरी ओढतंय."

"सकाळी सकाळीच का रे?" सुपरवायझर रवींद्र हसला.

"गल्यात माळ हाय माझ्या!"

वजन गाळात रुतलं असेल, म्हणून स्वप्नाने टेप हातात घेऊन हलकेच ओढला. तो ताठ झाला. मग खालून दोन हिसके आले. बेताचे, मध्ये जरा थांबून.

तिचे वडील प्रभाकर सर्व्हेअर होते. वर्तकनगरच्या मैदानात ते टेपचं शून्याचं टोक धरायचे, छोटी स्वप्ना दुसरं. दोन हिसके म्हणजे 'धरलंय, वाच.' सत्तावीस वर्षांपूर्वी, याच पुलाच्या पहिल्या मोजणीत त्यांची होडी उलटली. ते सापडलेच नाहीत.

"गाड्या खोळंबल्यात मॅडम," रवींद्र म्हणाला. "माल घट्ट व्हायला लागेल. ओतू?"

ओतलं की बाबा कायमचे खाली.

तिने बाजूला जाऊन घरी फोन लावला. "आई, बाबा इथे आहेत गं. टेप धरलाय त्यांनी."

सुहासिनीबाईंनी विचारलं, "आकडा सांगितलास?"

"लिहिला."

"लिहून त्यांना कसं कळणार? मोठ्याने सांग. ऐकल्याशिवाय ते टोक सोडत नसत. त्या दिवशी कुणी सांगितलाच नसेल."

स्वप्ना नळ्यावर ओणवी झाली.

"चौतीस वीस, बाबा!"

टेप तसाच ताठ.

"वाचलंय मी. सोडा आता."

टेप सैल पडला.

"ओता," ती म्हणाली, आणि शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत तिथून हलली नाही.

संध्याकाळी आईने दार उघडलं.

"त्यांनी सोडलं, आई."

"हो. मलाही," आई म्हणाली आणि तिने डावा हात पुढे केला.

वर्षानुवर्षं बांधलेलं घड्याळ काढल्यावर दिसते, तशी मनगटावरची कातडी चार पट्ट्यांत फिकट होती. आतल्या बाजूला आणखी एक पट्टी होती, अंगठ्याएवढी.