तुऱ्याची झडती

निर्तुरा ऊस लावण्यात शिदगोंडा पाटलाचा फायदा सरळ होता: तोडीची पहिली पाळी. शिवारात तुरा नसला, की दिवाळी सरताच कारखान्याचं तोडणी यंत्र हजर. तुरा दिसला, की शिक्षा म्हणून थेट फाल्गुनात, ऊस वाळून वजन उतरल्यावर. त्यामुळे मोटरघरामागं तुरा येणाऱ्या जुन्या उसाचं एक बेट होतं, ते चोरून. तुळशीच्या लग्नाला आक्काताईला, म्हणजे त्याच्या बायकोला, कारखान्याचा ऊस चालत नसे.

तुरा आला की उसाची वाढ थांबते, साखर उतरते. म्हणून शास्त्रज्ञांनी तुराच न येणारा वाण निवडला, तो निर्तुरा. वीस वर्षं तालुक्यात उघडपणे दुसरा ऊस कुणी लावला नव्हता.

ऐन तुऱ्याच्या दिवसांत ऊस संशोधक डॉ. शमा मुजावर बांधावर उभ्या राहिल्या.

"अण्णा, मोटरघरामागं तुरा आहे. उपग्रहाच्या चित्रात पांढरं दिसतंय."

"बगळं बसत्यात तितं."

"तीन आठवडे? न हलता?"

शिदगोंडा हसला नाही. त्याची नजर जीपच्या काचेवर होती. तिथं कारखान्याच्या गेटचा पास चिकटवलेला.

"उसावर नवा रोग आलाय, अण्णा, काणी. शेंड्यातून काळा चाबूक निघतो आणि ऊस संपतो. निर्तुऱ्याला ती सोसत नाही."

"मग दुसरा वाण काढा की!"

"कशातून काढू? ऊस आपण कांडीनं लावतो. कांडीतून तोच ऊस परत येतो. सगळा तालुका म्हणजे एकच रोप आहे. एक मेलं, की सगळी मेली. वेगळेपण येतं ते बियांतून, आणि बी तुऱ्यात. निर्तुऱ्याला काळोख्या खोलीत रात्र लांबवून मी तुरा आणीन, पण पराग परक्या उसाचा लागतो. अशी तेवीस बेटं हेरलीत मी. उद्या पिशव्या घेऊन येते."

"या की, मॅडम. च्या घ्यायलाच या."

जीप वळली आणि शिदगोंडानं कुदळ उचलली.

"आवं, बाई खरं बोलत असली तर?" आक्काताई म्हणाली.

"खरं बोलणाऱ्याला कारखान्याचा पास कशाला लागतोय?"

बेट मुळासकट खणून, जाळून त्यानं राख कृष्णेत सोडली. मग पाहुण्यारावळ्यांना फोन केले: "झडती चाललीया. तुरा असंल तर आजच उपटा." त्यांनी पुढं आपापल्या पाहुण्यांना कळवलं. माणुसकी म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाई काळ्या मातीपाशी उकिडव्या बसल्या.

"एखादं मूळ तरी?"

"काय बी न्हाई. बघा, कसं सोच्छ हाय."

त्या यादी काढून एकेका गावाला फोन लावत गेल्या. बाविसाव्या फोनवरही 'उपटलं' हेच ऐकून म्हणाल्या, "काल तुम्ही काचेवर बघत होतात, तो नुसता गेटचा पास होता, अण्णा. कारखान्यात मी काणी बघायला गेले होते."

त्या हंगामात तेवीसही जणांना पहिली पाळी मिळाली. पुढच्या हंगामात यंत्रं बाहेरच पडली नाहीत. शिवारभर काळे चाबूक डोलत होते. किंमत मोजली ती सगळ्या तालुक्यानं. ज्यांनी जन्मात तुरा पाहिला नव्हता, त्यांनीसुद्धा.