दोन ते आठ अंशांमध्ये

वरूडच्या शीतगृहात त्या वर्षी संत्री थोडी आणि रिकामी क्रेटच अधिक होती. फळगळीने बागा अकाली मोकळ्या केल्या होत्या. भारनियमनाच्या एका भर दुपारी प्रणिता तिथे आली, ती हातातल्या लहानशा खोक्यासाठी गारवा मागायला. घरचा फ्रिज सहा-सहा तास मुका. आणि आतले इंजेक्शन तर दोन ते आठ अंशांतच राखायचे होते.

जनरेटर आणि यंत्रे सांभाळणाऱ्या गोपालने खोका न्याहाळला. “इथं फक्त संत्र्यायले जागा भेटते.”

“मंग मले संत्रं समजा,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईने चपापली.

औषध कोणाचे, हे तिने सांगितले नाही; त्याने ते तिच्या वडिलांचे, जानरावांचे, मानले. दर पंधरवड्याला ती सुई न्यायला येई. तो काही ना काही विचारून तिला गारठ्यात थांबवी, आणि ती… थांबे.

वैशाखात त्याने मायेपोटी तो खोका बर्फ साचणाऱ्या कोपऱ्यात सरकवला. आरोग्य केंद्रात लस गोठवून ठेवलेली त्याने पाहिली होती.

सुईत बर्फाचा खडा दिसताच प्रणिताने ती उजेडाकडे धरली. “गोठलं का संपलं हे औषध. वितळलं तरी टोचता येत नाही.”

“बाबायले एखादा दिवस उशीर —”

“बाबायचं नाही, माहं हाये.” तिने बाही वर सारली. कोपरावर सोरायसिसची फिकट खूण होती. हा आजार कोणाला लागत नाही, हे तिला सांगायचे होते. रविवारी तिला पाहायला पाहुणे येणार, हेही. पण तो दगडासारखा उभा होता. त्या मौनाला किळस समजून ती निघून गेली.

रविवारपर्यंत कोपर लाल झाले. तिने पाहुण्यांना स्वतःच सारे सांगितले. ते चहा अर्धा टाकून, पोहे तसेच ठेवून उठले.

तासाभरात अंगणात गोपाल! खोक्यावरच्या चिठ्ठीवरून त्याने अमरावतीला तिच्या डॉक्टरांना गाठले होते. मूळ औषध मिळाले नाही. डॉक्टरांनी बायोसिमिलर, म्हणजे त्याच जातीचे दुसऱ्या कंपनीचे औषध, लिहून दिले. जिवंत पेशींतून घडणारे औषध हुबेहूब दुसरे होत नाही, पण गुण तोच, असे त्यांचे म्हणणे. थंड पेटी ओसरीवर ठेवून तो जानरावांना म्हणाला, “काका, मले प्रणितासंग लग्न करायचं हाये.”

जानरावांच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

“दया करून राहिले काय तुमी?” प्रणिताने विचारले.

“दया असती तं पेटी ठिवून गेलो असतो.”

प्रणिताने पेटी उचलून घेतली. मग ती वडिलांकडे वळली.

“बाबा, यायले आत बोलवा ना. पोहे उरले हायेत.”