खाचेतला लाल रंग

होबार्ट फुगेटच्या धाकट्या लेकीला जुळं झालं त्याच वर्षी, १९९६ च्या ऑक्टोबरात, लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात ओपल स्टिडमच्या हातात तिच्या वडिलांचं रिव्हॉल्वर फुटलं. लोखंडाचा तुकडा गळ्यात शिरला.

होबार्टने त्या खोऱ्यात तीस वर्षं टपाल वाटलं होतं. आता तो नेड्रा साइझमोरची गाडी चालवायचा. नेड्राने सरकारी प्रयोगशाळेत वीस वर्षं बंदुका तपासल्या होत्या. हल्ली ती खाजगी तपास करायची.

तिसऱ्या दिवशी ओपलची बहीण इमोजीन नेड्राकडे आली. बसलीसुद्धा नाही.

"व्हर्लिन कोम्ब्सला आत टाकायला लाव. त्याने शेडमध्ये जुन्या पुंगळ्यांत दारू भरून केलेल्या गोळीने माझी बहीण गेली. नाहीतर आज संध्याकाळी आमची पोरं त्याची शेड पेटवणार."

"आत बंदुकीची दारू आहे. पोरंही जळतील," नेड्रा म्हणाली. "ओपल त्याच्याच गोळ्या वापरायची?"

"वर्षानुवर्षं. फार मऊ, धक्काच देत नाहीत, म्हणायची. चोऱ्या वाढल्या तशी रोज कुंपणापाशी सराव करायची. शेवटचे दोन आठवडे मनगटाला पट्टी बांधून."

"मऊ गोळ्यांनी पट्टी?"

"वय झालं होतं!" इमोजीन ओरडली.

शेरीफने रिव्हॉल्वर दाखवलं. गोळ्यांच्या चक्राचा वरचा अर्धा भाग उडालेला. खालच्या तीन घरांत तीन न उडालेली काडतुसं. फुटलेल्या घरात उडालेली पुंगळी फुगून घट्ट बसलेली, चिमट्यानेही न निघणारी. चारींच्याही तळाला लाल नेलपॉलिश.

"व्हर्लिनची खूण," होबार्ट म्हणाला. "ओल लागू नये म्हणून लावतो. संपलं की प्रकरण!"

नेड्रा भिंगातून बघत राहिली. तिन्ही काडतुसांवर मधल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवती बारीक लाल कडं होतं. पुंगळीचा मात्र सबंध तळ लाल. घोड्याच्या टोचेने पडलेली खाचसुद्धा आतून गुळगुळीत लाल.

व्हर्लिन शेडच्या दारात बसला होता.

"मी मारलं का गं तिला? चुकून दुप्पट दारू पडली असेल का?"

"रंग कुठला लावतोस?"

"डॉलीचा. माझी बायको दारोदार नेलपॉलिश विकायची. अजून खोकं भरून आहे."

"माझ्या बायकोकडेही तोच आहे," होबार्ट म्हणाला. "खोऱ्यातल्या प्रत्येक बाईकडे. डॉलीला नाही म्हणायची छाती कुणाची होती?"

तिसरी भेट गारलँड नेपियरची. बंदुकांच्या दुकानाचा मालक, ओढ्यापलीकडे राहणारा. स्फोट ऐकून ओपलच्या घरी पहिला तोच पोचला होता, फोनही त्यानेच केला होता.

"मी तिला गोळ्या विकल्या त्या ऑगस्टात," तो म्हणाला. "साध्या दाबाच्या. जुन्या रिव्हॉल्वरला जोरदार गोळी चालत नाही, एवढं मला कळतं. घरी भरलेल्या गोळ्यांचं असंच होतं, नेड्रा."

संध्याकाळी इमोजीनच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. शेरीफ दारात उभा. टेबलावर गारलँडने दुखवट्याला आणलेलं बीन्सचं भांडं. व्हर्लिनकडे कुणी बघत नव्हतं.

नेड्राने चक्र टेबलावर ठेवलं.

"टोच बसली की सुकलेला रंग तडकतो, टवके उडतात. या खाचेत तडा नाही. म्हणजे रंग गोळी उडाल्यानंतर लावलाय. ओपल मरून पडल्यावर."

"व्हर्लिन नुसतं कडं काढतो. इथे सगळा तळ माखलाय. काहीतरी झाकायला." तिने नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस भिजवून पुंगळी पुसली. पितळेवर अधिकचं चिन्ह उमटलं, शेजारी 'पी'.

"जादा दाबाची गोळी," होबार्ट पुटपुटला.

"व्हर्लिन असल्या पुंगळ्या परत भरत नाही, फेकून देतो. मी शेडमागचा डबा बघितला. मनगट या गोळ्यांनी सुजलं. एका गोळीने हे रिव्हॉल्वर फुटत नाही; दोन आठवडे रोज मार बसला, पोलादाला तडा गेला, मग फुटलं. बाकीची तीन काडतुसं काढून ओपलच्या कपाटातली व्हर्लिनची घातली गेली. अडकलेली पुंगळी निघेना, म्हणून तिच्याच घरातल्या नेलपॉलिशने रंगवली. फोनआधी त्या घरात एकटा कोण होता, गारलँड?"

गारलँड खुर्ची सरकवून उठला. "तिनेच मागितलं! सगळ्यात जोरदार दे, म्हणाली. माझं दुकान बंद पडलं असतं गं."

"मागणं तिचं काम. कुठल्या बंदुकीत घालणार, हे विचारणं तुझं!" नेड्राने टेबलावर मूठ आपटली. "त्या रिव्हॉल्वरला साध्या दाबाची गोळी हवी होती. तिच्या हातात स्थिर राहील, नेमकी लागेल अशी. स्वतःला वाचवायला तेवढं पुरतं. तू तिला जोर विकलास. आणि नंतर या म्हाताऱ्याला तुरुंगात ढकलायला निघालास!"

इमोजीन उठली. तिने बीन्सचं भांडं उचललं, झाकणासकट अंगणात भिरकावलं. मग व्हर्लिनपुढे ताट ठेवलं.

"जेव," ती म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

व्हर्लिन जेवला नाही. होबार्टलाही घास गेला नाही. तीस वर्षं तो ज्या माणसाच्या हातून टपालाची पोच घेत आला होता, त्याला तीन दिवस त्याने मनातल्या मनात खुनी ठरवलं होतं.

ओपल स्टिडम, वय एकाहत्तर, शुक्रवार ११ ऑक्टोबर १९९६ रोजी सकाळी साडेनऊला आपल्याच कुंपणापाशी मेली.