समोरचे हात

डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या होत्या, पण बॅग भरून ठेवायची सवय सुटली नव्हती. भूकंपाची बातमी आली तेव्हा सून म्हणाली, "आई, या वयात?" वयाचं माझं मी बघते, तू तेवढं कुंड्यांना पाणी घाल, असं तिला बजावून त्या स्वयंसेवक डॉक्टरांच्या पथकाबरोबर निघाल्या.

गावात धड उभं असं फारसं काही उरलं नव्हतं. पोहण्याचा तलाव तडकून रिकामा झाला होता, पण त्याच्या कडेची कपडे बदलायची खोली शाबूत होती. भिंतींना चकचकीत फरशी, जमिनीला उतार. पाणी सोडलं की सगळं धुऊन निघायचं. पथकाने तिथेच ऑपरेशनची खोली थाटली. टॉवेलच्या खुंट्यांवर सलाइनच्या बाटल्या लटकल्या. क्लोरीनचा वास मात्र जाता जाईना. मागच्याच गल्लीत गावाचा दवाखाना होता. आता तिथे ढिगारा होता, आणि त्याखालची माणसं अजून हाती लागली नव्हती.

पथकातली माणसं चार दिशांची. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी; ओळख काय ती डोळ्यांपुरती. त्यामुळे सकाळी कात्र्या-चिमटे उकळून, पुसून, क्रमाने मांडलेले दिसले, की ज्याला त्याला वाटायचं, दुसऱ्या कुणीतरी केलं. डॉक्टरीणबाईंनी एकदा सिस्टरचं कौतुक केलं, तर सिस्टर म्हणाली की तिला वाटलं हे बाईंचंच काम. दोघी हसल्या. कामाचा डोंगर समोर असताना फुकटचा हात कुणाचा, हे विचारत कोण बसतं?

त्या दुपारी एका तरुणीला दाराच्या फळीवर घालून आणलं. दिवस भरत आलेले, आणि अंगावर भिंत पडलेली. नवरा फळीची कड सोडायला तयार नव्हता. पोटाला हात लावताच डॉक्टरीणबाईंना कळलं. पोट लाकडासारखं घट्ट होतं. आत बाळाची वार वेळेआधीच सुटायला लागली होती. थांबलं तर दोन्ही जीव जाणार होते. पथकातले भूलतज्ज्ञ, ज्यांना सगळे 'भूलवाले' म्हणत, ते म्हणाले की रक्तदाब अजून तग धरून आहे. कमरेतून भूल देतो, पोर जागी राहील.

पोट उघडलं आणि अंदाजापेक्षा जास्तच रक्त आलं. डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला रक्त थांबवायच्या इंजेक्शनांचा डबा आणायला बाहेर गाडीकडे पिटाळलं. ती दाराबाहेर पडली आणि जमीन पुन्हा हलली.

दिवा गेला. छताजवळच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. पडद्यापलीकडे, डोक्याशी, भूलवाले टॉर्च धरून त्या पोरीशी बोलत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. हातात चिमटा आला.

आली सिस्टर एकदाची, त्यांना वाटलं. मान वर करायला सवड नव्हती.

बाळ बाहेर आलं ते निळं, निपचित. नाळ कापून त्यांनी ते समोरच्या हातांत दिलं. ते हात हातमोज्यांतूनही गार लागले. पाठ चोळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मग रडणं.

रक्त अजून थांबत नव्हतं. समोरून एक तळवा आला आणि गर्भाशयावर, जिथे हवा नेमका तिथे, सावकाश चोळू लागला. इतका जाणता हात डॉक्टरीणबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. हळूहळू रक्त ओसरलं.

"शाबास," त्या पुटपुटल्या.

समोरून ओवलेली सुई हातात आली.

शेवटचा टाका घातल्यावर, दारावर कुणीतरी धडका देतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. हादऱ्याने चौकट वाकून दार अडकलं होतं. ड्रायव्हरने पहारीने ते उचकटलं. सिस्टर आत आली, रडवेली. डबा छातीशी धरलेला, सील तसंच.

"उशीर झाला का हो, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी भूलवाल्यांकडे पाहिलं. भूलवाले टेबलापलीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते. बाळ आईच्या गालाशी, नीट गुंडाळून ठेवलेलं होतं.

"मुलगी आहे," ती पोर म्हणाली. आवाज थकलेला, पण चेहरा उजळलेला. "त्या ताईंनीच सांगितलं. इथल्या दवाखान्यातल्या ताई. मी तपासायला जायचे तेव्हा त्याच असायच्या. मला वाटलं होतं, त्या नाही वाचल्या."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि नवऱ्याला आत बोलावलं. तो बाळाकडे बघून आधी हसला, मग भिंतीला टेकून खाली बसला आणि पोटभर रडला.

तेवढ्यात बाहेर आणखी एक जखमी आल्याचा पुकारा झाला. सिस्टरने दिवा लावला, टेबल धुतलं, हातमोज्यांचे दोन जोड काढून ठेवले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याशेजारी तिसरं पाकीट ठेवलं.

"हे कुणासाठी?" सिस्टरने विचारलं.

डॉक्टरीणबाई नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होत्या. काय सांगावं, याचा विचार करत त्या वळल्या.

तिसरं पाकीट उघडलेलं होतं.