कृपया बाजूला व्हा

साकीनाक्याच्या एका गाळ्यात तळहाताएवढे प्रोजेक्टर बनायचे. त्यांच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, कुठली सूचना कशी यावी, हे अपूर्वा ठरवायची. आई, नलिनीबाई, कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा अपूर्वाने त्यातला एक घाटकोपरच्या घरी आणला. उशाशी स्टुलावर ठेवून छताकडे वळवला, अक्षरं ठसठशीत केली. आई पडल्या पडल्या छतावर मालिका बघू लागली, आणि लेकीचं शिक्षण एकदाचं कामी आलं म्हणून शेजारणींना सांगूही लागली.

त्यात एक सोय होती. भिंगासमोर कुणी आलं की डोळे दिपू नयेत म्हणून उजेड मंद व्हायचा आणि सूचना उमटायची, 'समोर कोणीतरी आहे. कृपया बाजूला व्हा.' खाली एकच बटण, 'ठीक आहे'. शब्द अपूर्वाचेच.

रविवारी दुपारी पडदे ओढून ती आईजवळ बसली, तर ती सूचना सारखी येत-जात होती. समोर तर कोणीच नव्हतं.

"डोक्याला ताप नुसता! सेन्सर गंडलाय," म्हणत तिने सोयच बंद करून टाकली.

आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "बंद कशाक केलंस गो?"

"अगं, उगाच येतेय ती सूचना."

"उगाच नाही..." आईचा आवाज खाली गेला. "तो वाचायचा ना. रोज येऊन माझ्यावर वाकायचा... ते वाचून मुकाट बाजूला व्हायचा. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

"कोण, आई?"

आई वर बघत राहिली. अपूर्वानेही वर पाहिलं. छतावर एका डोक्याची सावली होती. खोलीत त्या दोघीच, आणि दोघींपैकी कुणाचंच डोकं उजेडात नव्हतं. ओल्या मातीचा वास दाटला. सावली मोठी होत चालली, म्हणजे ते डोकं खाली येत होतं, भिंगाजवळ, आईच्या तोंडाजवळ.

"अपू... श्वास..."

अपूर्वाने रिमोट चाचपला आणि सोय पुन्हा सुरू केली. सावलीच्या कडेला सूचना उमटली. "बाजूला व्हा... कृपया बाजूला व्हा," ती रडत मोठ्याने वाचू लागली.

'ठीक आहे'च्या शेजारी आता दुसरं बटण होतं. तिने कधीच न ठेवलेलं. 'नाही'.

रिमोट तिने केव्हाच खाली टाकला होता. छतावर 'नाही' दाबलं गेलं, आणि तिच्या मनगटावरची आईची पकड सैल झाली.