पेगीचा चौथा खूर

खोटं वाटलं तर इथेच वाचणं थांबवा. मला वाईट वाटणार नाही. उलट बरंच वाटेल, कारण हे सांगताना माझी मलाच किळस येते.

मी लॉर्कन टायनन. आयर्लंडमध्ये किल्डेरच्या माळावर नालबंद आहे. चाळीसच्या वर वर्षं शर्यतीच्या घोड्यांचे पाय मांडीत धरून नाल ठोकले. भूतबीत मी मानत नव्हतो. घोड्याच्या मागच्या पायांना भ्यायचं, बाकी कशाला नाही, एवढंच मला ठाऊक.

तारीख सांगतो. पाच नोव्हेंबर दोन हजार एकोणीस. मंगळवार. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं.

रात्र नव्हती. उजाडलं होतं. माळावर धुकं होतं आणि लांब कुठेतरी सकाळचे पहिले घोडे पळत होते.

मी मॅलकी हेशनच्या बंद पडलेल्या तबेल्यात एकटाच उभा होतो. हातात फावडं. खिशात खिळे उपटायची पकड.

मी तिथे चोरी करायला गेलो होतो.

हेशन कोण, असं आता कुणीही विचारेल. एके काळी त्याच्याकडे चोवीस घोडे होते आणि माळावरच्या निम्म्या शर्यती तो मारायचा. गावातल्या दारूच्या गुत्त्यात त्याचा फोटो गल्ल्याच्या वर होता. पुढे तो मुतारीकडे जाणाऱ्या बोळात गेला. आता तिथेही नाही.

जुनी माणसं एवढंच म्हणतात, ‘हेशन? लंगडी घोडी पळवणारा ना तो?’

तसं कुणी म्हणालं की सगळ्यात आधी थुंकायचो मी. ‘नाव काढू नका त्या कसायाचं,’ असं मोठ्यांदा म्हणायचो. एकतीस वर्षं म्हणालो.

आता खरं सांगतो.

ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशी. तेव्हा मी हेशनचा नालबंद होतो. घोडीचं शर्यतीतलं नाव विंटर बटर, तबेल्यातलं नाव पेगी. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावानं इतकी गरीब की नाल ठोकताना स्वतःच पाय उचलून माझ्या मांडीत द्यायची. देता देता सगळं अंग माझ्या पाठीवर रेलायची. आळशी बया. मी शिव्या द्यायचो, ती माझ्या कानात फुरफुरायची.

शर्यत शनिवारी होती. शर्यतीचे हलके नाल आदल्या दिवशी ठोकतात. पण शुक्रवारी गॉलवेला माझ्या बहिणीचं लग्न होतं, म्हणून मी बुधवारीच उरकलं. घाईघाईत.

खिळा ठोकताना आवाज ऐकायचा असतो. कठीण खुरात खिळा गेला की टणटण वाजतो. जिवंत मांसाला लागला की आवाज बसतो.

पेगीच्या डाव्या पुढच्या पायात चौथा खिळा मारला... आणि आवाज बसला.

ती थरथरली. पण पाय ओढून घेतला नाही तिने.

तेव्हाच खिळा उपटायला हवा होता. छिद्र धुवायचं, औषध भरायचं, आणि बॉसला जाऊन सांगायचं की माझी चूक झाली, शनिवारी घोडी पळणार नाही. तिथल्या सगळ्यात चांगल्या हाताचा नालबंद म्हणून मी मिरवत होतो तेव्हा. कसं सांगणार?

मी खिळ्याचं खुराबाहेर आलेलं टोक वळवलं, कानशीनं घासलं आणि निघून गेलो.

हेशन रोज संध्याकाळी पाचला फेरी मारायचा. एकेका ठाणाची कडी सरकवायची, आत जायचं, आणि उघड्या हाताने घोड्याचा प्रत्येक पाय वरून खाली चाचपायचा. शुक्रवारी त्याने लग्नाच्या हॉटेलात फोन लावला. मी नाचून घामाघूम झालेलो, पोटात चार पेग.

‘लॉर्कन, पेगीच्या डाव्या पुढच्यात ऊब लागतेय रे.’

‘नवीन नाल आहे बॉस. जमीन कडक. काही नाही.’

‘काढून बघू का?’

‘माझा नाल?’ मी हसलो. ‘खुशाल काढा. पुढच्या वेळी ठोकायला दुसरा बघा.’

आमच्या माळावर नालबंदाच्या नालाला दुसरा कुणी हात लावत नाही. तो त्याचा अपमान समजतात. हेशन जुन्या वळणाचा माणूस. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातावर नाही.

शनिवारी शेवटच्या वळणावर पेगी डावा पाय जपायला गेली आणि सगळा भार उजव्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज प्रेक्षकांपर्यंत आला म्हणतात. तिच्याभोवती हिरवा पडदा लावला आणि तिथेच तिला संपवली.

फेरीच्या वेळी ऊब लागली होती, हे तबेल्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. बाहेर बोभाटा झाला की हेशनने माहीत असून लंगडी घोडी पळवली. मालक आपापले घोडे घेऊन गेले. दोन वर्षांत ठाणं रिकामी झाली. तो मात्र रोज पाचला रिकाम्या ठाणांच्या कड्या सरकवत फिरायचा. लोक हसायचे. मीही.

आमच्याकडे नावाजलेल्या घोड्याचं डोकं, काळीज आणि चार खूर पुरतात. बाकीचं धूड शिकारी कुत्र्यांना जातं. पेगीचं तसंच झालं. कुत्र्यांचा रखवालदार गोणपाट घेऊन आला, खालून रक्त ठिबकत होतं. तबेल्यामागच्या बीच जातीच्या झाडाखाली मी खड्डा खणला. हेशनने मला लांब उभं केलं आणि माझ्याकडे पाठ करून सगळं स्वतःच्या हाताने आत ठेवलं.

तो जाऊनही बारा वर्षं झाली होती, तेव्हा त्याच्या मुलीचा, नूलाचा, मला फोन आला.

‘लॉर्कन, जागा विकली मी. तिथे गोदामं होणार. पेगीला बाबांच्या थडग्याशेजारी हलवायचंय. नक्की जागा तुलाच माहीत आहे. मंगळवारी नऊला येशील?’

‘येतो की.’

‘पुरायच्या आधी खूर साफ करून घेईन म्हणते. शेजारच्या नेस गावातल्या एका नालबंदाला सांगितलंय.’

कोणताही नालबंद ते चौथं छिद्र बघेल आणि काय झालं होतं ते एका वाक्यात सांगेल.

म्हणून मी नऊऐवजी सातला गेलो. डावा पुढचा खूर तेवढा काढायचा, खिशात घालायचा, आणि नूलाला म्हणायचं, सापडला नाही.

झाडाखाली खणायला लागलो.

तेवढ्यात तबेल्यातून आवाज आला.

कडी सरकल्याचा.

मी थांबलो. कान दिला... काही नाही. परत फावडं मारलं.

दुसरी कडी. मग तिसरी. एकामागून एक, सावकाश.

‘नूला? आलीस का गं?’

मी कोपऱ्यावर जाऊन पाहिलं. सगळी दारं बंद. कड्यांवर गंजाचे थर, त्यांवर कोळ्यांची जाळी. एकही जाळं तुटलेलं नव्हतं.

परत आलो. घाईघाईत खणायला लागलो.

मग टापा ऐकू आल्या.

फरशीवर चालणारा घोडा. ह्या आवाजावर मी आयुष्य काढलंय. चार टापा ऐकून मी सांगतो कोणता पाय दुखतोय ते.

टप... टप... टप...

चौथी नाही.

टप... टप... टप...

आणि चौथीच्या जागी काहीच नाही. जड जनावर चालत होतं, पण एक पाय जमिनीला लागतच नव्हता.

डावा पुढचा.

मग वास आला. खुरात पू झाला की जो येतो तो. सडक्या अंड्यांत सडकं मांस कालवलं तर येईल तसा. मी शेकडो पू काढलेत, नाकाला फडकं कधी लावलं नाही. त्या सकाळी मात्र तिथेच भडभडून ओकलो.

टापा माझ्या मागे येऊन थांबल्या.

मी खड्ड्यावर वाकलेलो होतो. पळायला हवं होतं. पण कमरेतून ताठ होताच येईना, कारण माझ्या पाठीवर कुणीतरी रेललं होतं.

सगळं अंग. ऊबदार. आळशी.

कानात फुरफुर झाली.

आणि माझ्या दोन मांड्यांच्या मधे काहीतरी आलं... जड, गरम, ओलं. नेहमी द्यायची तसंच, अगदी हळूच.

मी डोळे मिटले. मेरी मातेची शपथ, मी खाली पाहिलं नाही. काहीतरी कोमट माझ्या पँटवरून ओघळत बुटात गेलं. पायाच्या बोटांत चिकट झालं. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे.

मग पाठ एकदम हलकी झाली.

डोळे उघडले तेव्हा आसपास कुणी नव्हतं. पँट मात्र मांड्यांपासून खाली भिजलेली होती. काळपट राखाडी पू.

तरी मी खणलं. एवढं होऊनही मी खणलं, ह्याची मला त्या पुवापेक्षा जास्त घाण वाटते. कवटी लागली. मग एक खूर. दुसरा. तिसरा. लाकडासारखे सुकलेले, नालासकट.

चौथा नव्हता. हाताने माती चाळली, कोपरापर्यंत. नव्हताच.

नूला नऊला पाच मिनिटं कमी असताना आली. गाडीतून उतरली आणि नाकाला रुमाल लावला.

‘ईऽऽ! कसला वास आहे हा? लॉर्कन, अंगावर काय सांडलंस?’

म्हणजे तिलाही आला. मला भास झाला असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘गटार फुटलंय बहुतेक,’ मी म्हणालो.

‘इथे गटार कुठलं?’ तिने खड्ड्याकडे पाहिलं. मग गवतावर मांडलेल्या खुरांकडे. ‘नऊला बोलावलं होतं ना तुला?’

‘म्हटलं, तू यायच्या आत उरकावं. तुला कशाला ही घाण.’

‘सगळं निघालं?’

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बापासारखे डोळे तिचे, शांत.

आता मला वाटतं, त्या क्षणी मी एवढंच विचारायचं होतं की चौथा कुठे गेला गं. एवढंच.

‘एक खूर नाही,’ मी म्हणालो. ‘कोल्ह्याने उकरून नेला असणार. फार कोल्हे झालेत इकडे.’

‘कोल्ह्याने?’

‘हो, मग काय.’

ती गाडीकडे गेली. पुढच्या सीटवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्याला सीटचा पट्टा लावलेला. तिने पट्टा सोडला, डबा उचलला, हलवला. आत काहीतरी कोरडं खडखडलं.

‘बाबांनी तो पुरलाच नव्हता,’ ती म्हणाली. ‘खिळा बघितला होता त्यांनी.’

तिने डबा छातीशी धरला.

‘जायच्या आधी मला म्हणाले, लॉर्कन एक दिवस चौथा खूर मागेल. त्याने मागितला की देऊन टाक. थाप मारली तर परत घेऊन ये.’

‘नूला...’

‘मी त्यांच्याशी किती भांडले माहीत आहे? सांगून टाका म्हटलं सगळ्यांना! तर म्हणतात कसे, त्याची चार पोरं लहान होती. नालबंदाचा हात बदनाम झाला की त्याला कोण दारात उभं करणार? माझे घोडे तर गेलेच होते.’ तिचा आवाज चिरकला. ‘आणि तू गुत्त्यात बसून त्यांना कसाई म्हणायचास. मी ऐकलंय, लॉर्कन. माझ्या कानांनी ऐकलंय.’

मी खाली बघत होतो. बुटातून पू बाहेर येत होता.

तिने कवटी आणि तीन खूर गोणीत भरले. माझी मदत घेतली नाही. डबा परत सीटवर ठेवला, पट्टा लावला.

‘नंबर आहे ना माझा?’ काच खाली करून म्हणाली. ‘मागावासा वाटला तर फोन कर. बाबा म्हणाले होते, मी वाट बघेन.’

ती गेली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला माझ्या अंगणात कडी सरकते. माझ्या अंगणात ठाण नाही, कडी नाही. मग तीन टापा. माझी बायको ब्रीडा हिला टापा ऐकू येत नाहीत, वास मात्र येतो. तिने आजवर माझ्या किती पँटी जाळल्या त्याची गणती नाही. ‘डॉक्टरला दाखव,’ म्हणते, ‘तुझ्यातच काहीतरी सडतंय.’

पळून पाहिलं. गॉलवेला बहिणीकडे जाऊन राहिलो. पाचला तिच्या स्वयंपाकघरात पाठीवर भार आला. जेवणाच्या ताटांसमोर ओणवा झालो मी.

वाकलो नाही तर भार जात नाही. म्हणून आता मीच पावणेपाचला चामड्याचा एप्रन बांधतो, ऐरणीजवळ ओणवा होतो, गुडघे फाकतो आणि डोळे मिटतो.

ती येते. पाय देते. अजूनही रागावल्यासारखी देत नाही, हळूच देते. तेच सोसवत नाही.

हातात पकड घेऊन मी तो खिळा शोधतो. अंगठ्याने कडेकडेने चाचपत जातो. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या जागी मऊ लागतं, अंगठा आत जातो, गरम घाण मनगटापर्यंत येते.

पण खिळा नसतो. कसा असेल? तो नूलाच्या डब्यात आहे.

नूलाचा नंबर ऐरणीच्या वर भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. फोन इथेच, हाताशी आहे. पाचला दहा कमी आहेत.

मी अजून फोन लावलेला नाही.